गुण घटले, पण क्रमांक सुधारला: मुलीने नीट तिसऱ्यांदा द्यावी का?

प्रश्न: एक पालक, बार्शी

सर्वांना नमस्कार. माझ्या मुलीने बारावीबरोबर २०२४ मध्ये पहिल्यांदा नीट ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा दिली, तेव्हा तिला ७२० पैकी ५१२ गुण होते. त्यानंतर ती वर्षभर लातूरला रिपीटर बॅचमध्ये राहिली आणि २०२५ च्या परीक्षेत तिला ४३१ गुण मिळाले. गुण ८१ ने घटले, मात्र तिचा अखिल भारतीय क्रमांक आधी सव्वादोन लाखांच्या आसपास होता तो आता दीड लाखाच्या जवळ आला आहे. नातेवाइकांना ही गोष्ट कितीही समजावली तरी पटत नाही. ‘एक वर्ष घालवून मुलगी खाली आली’ हेच घरात येणारा प्रत्येक जण बोलतो आणि ते तिच्या कानावर पडते.

आम्ही ओबीसी प्रवर्गात आहोत. मी प्राथमिक शिक्षिका आहे, यजमानांचे कृषी सेवा केंद्र आहे आणि दोघांचे मिळून वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे. खासगी एमबीबीएसचा विचार शुल्कामुळे आम्ही कधी केलाच नाही. कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीकृत प्रवेशप्रक्रियेच्या फेरीत तिला एका खासगी आयुर्वेद महाविद्यालयात बीएएमएसची जागा मिळाली आहे आणि प्रवेश निश्चित करायला थोडेच दिवस उरले आहेत. तिला पुन्हा एकदा नीट द्यायची आहे, तर यजमानांचे मत हाती आलेली जागा सोडू नये असे आहे. बीएएमएसला प्रवेश घेऊन सोबत नीटचा अभ्यास करणे शक्य असते का, आणि तिसऱ्यांदा परीक्षा दिल्याचा पुढे प्रवेशाच्या वेळी काही तोटा होतो का, हेही जाणून घ्यायचे आहे. ज्यांनी हा निर्णय जवळून पाहिला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, नांदेड

ताई, नमस्कार. आपल्या नातेवाइकांना जे पटत नाही त्यापासूनच सुरुवात करतो, कारण पुढचा सगळा विचार त्यावर उभा आहे. २०२४ आणि २०२५ चे गुण एकमेकांशी ताडून पाहण्यासारखे नाहीत. २०२४ च्या सुधारित निकालातही १७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते आणि ६५० गुण मिळवणारा विद्यार्थी साधारण तीस हजारांच्या आसपासच्या क्रमांकावर होता. २०२५ मध्ये देशात सर्वाधिक गुण ६८६ होते, ६५० च्या वर केवळ ७३ विद्यार्थी होते आणि ६०१ ते ६५० या टप्प्यात १,२५९. भौतिकशास्त्राचा भाग यंदा इतका लांबलचक आणि आकडेमोडीचा होता की माझ्या माहितीतले अनेक हुशार विद्यार्थी तो पूर्ण करू शकले नाहीत. त्यातच कोविडच्या काळात आलेली सवलत यंदा संपली. २०२४ पर्यंत २०० प्रश्नांतून १८० सोडवायचे असत आणि त्यासाठी तीन तास वीस मिनिटे मिळत. आता १८० प्रश्न, सर्व अनिवार्य आणि वेळ बरोबर तीन तास.

म्हणजे आपल्या मुलीने अधिक कठीण प्रश्नपत्रिकेत, कमी वेळात आणि प्रश्न निवडण्याची मुभा नसताना देशभरातल्या सत्तर-पंचाहत्तर हजार विद्यार्थ्यांना मागे टाकले आहे. हे तिला कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवे, आणि तेही तिच्या आईने सांगितले तर अधिक बरे. गुणपत्रकावर प्रत्येक विषयाचे पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातले किती विद्यार्थी आपल्या मागे आहेत तो आकडा, छापलेले असते. दोन्ही वर्षांची गुणपत्रके शेजारी ठेवून गुण झाकावेत आणि फक्त पर्सेंटाइल वाचावेत.

मात्र क्रमांक सुधारला एवढ्यावरून तिसऱ्या प्रयत्नाला होकार देणेही योग्य नाही. परीक्षा घेणाऱ्या एनटीए या संस्थेने उपलब्ध केलेली तिच्या उत्तरपत्रिकेची (ओएमआर) प्रत आणि अंतिम उत्तरसूची आपण जपून ठेवली असेलच. त्यावरून प्रत्येक विषयात किती उत्तरे बरोबर आली, किती चुकली आणि किती प्रश्न सोडले, हे मोजून इथे लिहावे. त्याखेरीज मी काही सांगितले तर तो केवळ अंदाज ठरेल.

मूळ प्रश्नकर्त्या पालक

सर, आपले आभार. काल रात्री आम्ही दोघींनी बसून मोजले. जीवशास्त्राच्या ९० प्रश्नांपैकी ७४ बरोबर, १३ चूक, ३ सोडलेले, म्हणजे २८३ गुण. रसायनशास्त्राच्या ४५ पैकी २७ बरोबर, १० चूक, ८ सोडलेले, म्हणजे ९८. भौतिकशास्त्राच्या ४५ पैकी १६ बरोबर, १४ चूक, १५ सोडलेले, म्हणजे ५०. गेल्या वर्षी याच क्रमाने ३१०, ११० आणि ९२ गुण होते. तिचे म्हणणे असे आहे की भौतिकशास्त्राला तिने शेवटी हात घातला आणि तोवर चाळीसच मिनिटे उरली होती.

उत्तर: भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, नांदेड

हे आकडे पाहून मला बराच धीर आला आहे आणि त्याचे कारण सविस्तर सांगतो.

जीवशास्त्रात ९० पैकी ७४ ही तयारी पक्की असल्याची खूण आहे. तिथे अजून आठ-दहा प्रश्नांची वाढ होऊ शकते, पण तिचा खरा साठा भौतिकशास्त्रात अडकून पडला आहे. ४५ पैकी २९ प्रश्न एकतर चुकले किंवा सुटलेच नाहीत. समजा, याच प्रश्नपत्रिकेत तिची भौतिकशास्त्राची बरोबर उत्तरे १६ वरून २६ झाली असती आणि चुका १४ वरून ८ वर आल्या असत्या, तर ५० च्या जागी ९६ गुण झाले असते. रसायनशास्त्रात २७ ची ३३ उत्तरे बरोबर झाली आणि चुका सातवर आल्या, तर ९८ चे १२५ होतात. जीवशास्त्राला हातही न लावता एकूण गुण ५०४ वर पोहोचतात, आणि २०२५ च्या प्रश्नपत्रिकेवर पाचशेच्या पुढचे गुण म्हणजे क्रमांक साधारण पन्नास हजारांच्या आसपास. त्या वर्षी ५५० च्या वर तर देशात बाराएक हजारच विद्यार्थी होते. दीड लाखावरून पन्नास हजारांवर येण्यासाठी तिला अशक्य असे काही करायचे नाही. भौतिकशास्त्रात आणखी दहा आणि रसायनशास्त्रात आणखी सहा प्रश्न बरोबर आणायचे आहेत, आणि चुका आवरायच्या आहेत.

आता अवघड भाग. ते दहा प्रश्न वेळेअभावी राहिले की विषय कच्चा असल्यामुळे, हे तिने प्रामाणिकपणे ठरवायला हवे. त्यासाठी एक उपाय सुचवतो. तिला २०२५ ची भौतिकशास्त्राची तीच प्रश्नपत्रिका कोणतीही उजळणी न करता, घड्याळ न लावता, निवांत सोडवायला द्या. परीक्षेत सोडून दिलेले पंधरा आणि चुकलेले चौदा यांपैकी निम्म्याहून अधिक तिला आता आले, तर अडचण वेगाची आणि क्रमाची आहे, आणि ती सहा महिन्यांत नक्की दूर होते. निवांत बसूनही ते आले नाहीत, तर अकरावीच्या यांत्रिकीपासून नव्याने पाया घालावा लागेल. तेही शक्य आहे, पण मग तिच्याकडून आधीपेक्षा वेगळ्या प्रकारचे कष्ट अपेक्षित आहेत. ती या विषयाला सामोरी जायला तयार नसेल, तर पुढचे वर्षही बहुधा जीवशास्त्राची पाने पुन्हा पुन्हा वाचण्यातच जाईल, कारण जे येते तेच करत राहण्यात मनाला समाधान वाटते. रिपीटर विद्यार्थ्यांमध्ये मी सर्वाधिक पाहिलेली गोष्ट हीच आहे.

चुकलेल्या चौदा उत्तरांबद्दलही तिला विचारा की त्यातली किती गणित करून चुकली आणि किती अंदाजाने खूण केल्यामुळे. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर उरलेल्या दोनांपैकी एकावर खूण करणे हिशेबाने फायद्याचे ठरते, पण वेळ संपत आल्यावर घाईने भरलेली वर्तुळे हा निराळा प्रकार आहे आणि त्याची सवय मोडावी लागते.

उत्तर: एमबीबीएसची विद्यार्थिनी, मराठवाड्यातील एक शासकीय महाविद्यालय

काकू, मीही रिपीट करूनच इथे आले आहे, त्यामुळे तुमच्या मुलीच्या मनात काय चालले असेल याची मला चांगली कल्पना आहे. सरांनी आकड्यांबद्दल लिहिलेच आहे. वर्ष कसे घालवावे याबद्दल थोडे लिहिते.

तिने पुन्हा त्याच प्रकारच्या रिपीटर बॅचला बसून पहिल्या प्रकरणापासून सगळी व्याख्याने ऐकावीत असे मला वाटत नाही. जीवशास्त्रात ७४ प्रश्न बरोबर आणणाऱ्या मुलीला पेशीची रचना पुन्हा फळ्यावर पाहून फारसा उपयोग होणार नाही. त्या तासांत ती ओळखीच्या गोष्टी ऐकत बसेल आणि भौतिकशास्त्राच्या वाट्याला पुन्हा थकलेली संध्याकाळ येईल. तिला हवे आहेत भौतिकशास्त्राचा एक चांगला शिक्षक, जो तिची वही रोज पाहील, आणि एक दर्जेदार टेस्ट सिरीज. बाकीचा अभ्यास घरी किंवा अभ्यासिकेत होऊ शकतो आणि खर्चही खूप कमी होतो. जीवशास्त्रासाठी आणि असेंद्रिय रसायनशास्त्रासाठी एनसीईआरटीची पुस्तके ओळ न ओळ वाचायची असतात. राज्य मंडळाच्या पुस्तकांवर बारावी केलेल्या मुलांची तिथे थोडी ओढाताण होते, कारण विषय तोच असला तरी वाक्ये आणि उदाहरणे वेगळी असतात आणि प्रश्न बहुतेक वेळा एनसीईआरटीच्या वाक्यांवरच बेतलेले असतात.

सराव परीक्षा दुपारी दोन ते पाच याच वेळेत द्याव्यात, कारण खरी परीक्षा त्याच वेळेत असते, आणि जेवणानंतरच्या त्या तीन तासांत मेंदू ताजा ठेवण्याची सवय वेगळी लावून घ्यावी लागते. जीवशास्त्र पन्नास मिनिटांत, रसायनशास्त्र पन्नास मिनिटांत आणि उरलेला वेळ भौतिकशास्त्राला, अशी काहीतरी ठाम विभागणी प्रत्येक सराव परीक्षेत पाळली, तर चाळीस मिनिटे उरण्याची वेळ येत नाही. प्रत्येक परीक्षेनंतर चुकलेल्या प्रश्नांची वही करायची आणि पुढच्या परीक्षेआधी फक्त तीच वाचायची. ज्या मुली माझ्याबरोबर पुढे गेल्या त्यांच्यात हे एक समान होते.

आणखी एक विनंती. नातेवाइकांसमोर तिच्या गुणांची चर्चा कृपया थांबवा. पहिल्या वर्षी अपयश आले तर लोक धीर देतात, दुसऱ्या वर्षी तेच लोक हिशेब मागू लागतात, आणि तो हिशेब मुलगी मनातल्या मनात रोज देत राहते. झोप उडाली, जेवण कमी झाले, बोलणे तुटले असे काही दिसले तर अभ्यासाचे वेळापत्रक बाजूला ठेवून आधी तिच्याशी बोला. टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

उत्तर: आयुर्वेद पदवीधर, सातारा जिल्हा

नमस्कार ताई. बीएएमएसला प्रवेश घेऊन सोबत नीटचा अभ्यास करता येईल का, या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे: दोन्ही गोष्टी धड होत नाहीत. बीएएमएसचे पहिले व्यावसायिक वर्ष दीड वर्षाचे असते. त्यात आयुर्वेदातील पदार्थविज्ञान, संस्कृत, रचनाशारीर, क्रियाशारीर असे पूर्णपणे नवे विषय असतात आणि ७५ टक्के उपस्थिती लागते. शवविच्छेदनाच्या तासानंतर वसतिगृहावर येऊन भौतिकशास्त्राची गणिते सोडवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांच्यापैकी काहींचा क्रमांक सुधारलाही, पण ज्यांचा सुधारला नाही त्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेतही मागे पडल्या. आपल्या मुलीला भौतिकशास्त्रासाठी सलग आणि ताज्या मनाचा वेळ हवा आहे, आणि नेमका तोच वेळ या मार्गात मिळत नाही.

यजमानांच्या मताचाही मान राखावा असे मला वाटते. आयुर्वेदाची पदवी साडेचार वर्षे आणि एक वर्ष आंतरवासिता अशी असते. त्यानंतर एमडी-एमएससाठी वेगळी अखिल भारतीय परीक्षा आहे. राज्यात गट-ब वैद्यकीय अधिकारी, उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील तपासणी पथके, अशी कितीतरी कामे आमचे पदवीधर करतात, आणि स्वतःचा दवाखाना तर असतोच. मुलीला हे शास्त्र मनापासून शिकायचे असेल तर आजच प्रवेश घ्यावा आणि नीटचा विचार सोडून द्यावा. ‘एमबीबीएस मिळेपर्यंत’ म्हणून ती येणार असेल, तर पाच-सहा वर्षे मन दुसरीकडे ठेवून वर्गात बसणे तिला फार जड जाईल. तिला एकटीला बसवून विचारा की पुढची परीक्षा झालीच नाही असे धरले तर ती हा अभ्यासक्रम आनंदाने करेल का. हे उत्तर दुसऱ्या कोणाला देता येणार नाही.

उत्तर: प्रवेशप्रक्रियेत पालकांना मदत करणारे शिक्षक, सोलापूर

ताई, नियमांच्या बाजूने काही गोष्टी लिहितो, कारण त्यांतली एक तुमचा सगळा हिशेब बदलू शकते.

राज्य शासनाच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. त्याआधी ती पन्नास टक्के होती. ही सवलत विनाअनुदानित खासगी महाविद्यालयांनाही लागू आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधून झालेला असावा. व्यवस्थापन कोटा, संस्थास्तरावरील प्रवेश आणि खासगी अभिमत विद्यापीठे यांना ती लागू नाही. वसतिगृह, खानावळ, अनामत आणि इतर शुल्क तुम्हालाच भरावे लागेल आणि तेही थोडे नसते, पण शिक्षण शुल्काचा जो डोंगर पाहून तुम्ही खासगी एमबीबीएसचा विचारच सोडला होता तो बाजूला होतो. खासगी महाविद्यालयांची यादी शासकीय यादीपेक्षा बरीच खाली येऊन थांबते. म्हणजे मुलीला गाठायचा क्रमांक तुम्ही समजता तेवढा दूर नाही. राज्यातील प्रवेश राबवणाऱ्या सीईटी कक्षाच्या निवड याद्यांत प्रत्येक विद्यार्थ्याचा अखिल भारतीय क्रमांक आणि प्रवर्ग छापलेला असतो. गेल्या दोन वर्षांच्या शेवटच्या फेरीच्या याद्या उघडून ओबीसीचा शेवटचा क्रमांक शासकीय आणि खासगी असा वेगवेगळा लिहून काढा, आणि तिचे लक्ष्य गुणांत न ठरवता त्या क्रमांकांत ठरवा. प्रदेशानुसार ७०:३० असा जुना कोटा २०२० मध्येच रद्द झाला आहे, त्यामुळे त्याआधीच्या प्रवेशांचे दाखले कोणी दिले तर ते धरू नका. ओबीसीची शासकीय यादी खुल्या यादीच्या फार खाली थांबत नाही, हेही आधीच माहीत असलेले बरे.

तिसऱ्यांदा परीक्षा दिल्याचा तोटा होतो का, असे तुम्ही विचारले आहे. गुणवत्ता यादीत कितव्या प्रयत्नात गुण मिळाले याची नोंद नसते, प्रयत्नांच्या संख्येवर मर्यादा नाही, आणि कमाल वयाची अट २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली. मात्र भारतातील प्रवेशासाठी नीटचे गुण त्याच वर्षापुरते चालतात, म्हणजे यंदाचा क्रमांक पुढच्या वर्षी कामाला येणार नाही.

बीएएमएसची जागा सोडायची असेल तर प्रवेश घेऊन मग रद्द करण्यापेक्षा आधीच निर्णय करावा. प्रवेश रद्द करण्याची अंतिम मुदत माहितीपुस्तिकेत दिलेली असते. ती उलटल्यावर जागा सोडली तर भरलेल्या शुल्कावर पाणी सोडावे लागते आणि मूळ कागदपत्रे परत मिळवण्यासाठी महाविद्यालयाचे उंबरे झिजवावे लागतात. याशिवाय एमसीसी या केंद्रीय वैद्यकीय समुपदेशन समितीच्या फेऱ्यांत तिचे नाव असेल, तर उरलेल्या जागांसाठीच्या शेवटच्या ‘स्ट्रे’ फेरीत नको असलेल्या जागांचे पर्याय भरून ठेवू नका. त्या फेरीत मिळालेली जागा न स्वीकारल्यास अनामत रक्कम जप्त होते आणि पुढच्या वर्षीच्या नीटला बसण्यास मनाई होते. पुन्हा परीक्षा द्यायची असलेल्या मुलांनी हा नियम विशेष लक्षात ठेवावा.

मूळ प्रश्नकर्त्या पालक

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. काल सरांनी सांगितल्याप्रमाणे मुलीने भौतिकशास्त्राचा भाग घड्याळाशिवाय सोडवला. सोडलेल्या पंधरापैकी नऊ आणि चुकलेल्या चौदापैकी सात तिला आले, म्हणजे निम्म्याहून थोडे अधिक. उष्मागतिकी आणि परिभ्रमी गती या प्रकरणांत मात्र ती निवांत बसूनही अडली. आयुर्वेदाबद्दल विचारल्यावर तिने एक दिवस मागितला आणि मग ‘मला ते मनापासून करता येणार नाही’ असे स्वतःच सांगितले. शुल्क सवलतीचा निर्णय यजमानांना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी याद्या स्वतः उघडून पाहायला घेतल्या. जागा न स्वीकारता तिने घरीच राहून, बार्शीत भौतिकशास्त्राची शिकवणी लावून परीक्षा द्यावी, असे आमचे जवळजवळ ठरले आहे. या वर्षात कागदपत्रांपैकी काय आधी करून ठेवावे, एवढेच विचारायचे राहिले.

उत्तर: प्रवेशप्रक्रियेत पालकांना मदत करणारे शिक्षक, सोलापूर

जात वैधता प्रमाणपत्र हाती नसेल तर त्याचा अर्ज आजच करा, त्याला सर्वाधिक वेळ लागतो. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र २०२६-२७ च्या प्रवेशासाठी ३१ मार्च २०२७ पर्यंत वैध असलेले लागेल, म्हणून ते एप्रिलनंतर नव्याने काढा. उत्पन्नाचा दाखलाही त्याच सुमारास घ्या. केंद्रीय कोट्यासाठी आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का हे तपासून घ्या, कारण राज्याच्या यादीतील काही जाती तिथे नाहीत आणि नीटचा अर्ज भरताना प्रवर्ग चुकला तर पुढे त्रास होतो. दोन वर्षांच्या खंडाचे प्रतिज्ञापत्र प्रवेशाच्या वेळी केले तरी चालते, तहसील कार्यालयात ते एका दिवसात होते.